'ड्रॉस' या शब्दाचा माग: इंग्रजी शब्दाचे मूळ आणि अर्थ कसा शोधावा

काही वर्षांपूर्वी लोखंडी नळांवर जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्याची सुरक्षा-पुस्तिका भाषांतरासाठी माझ्याकडे आली होती. तिच्यात 'ड्रॉस' हा शब्द दर पानावर येत होता. हाताशी असलेल्या कोशात 'वितळलेल्या धातूच्या पृष्ठभागावर जमणारा मळ' असा अर्थ दिलेला होता, आणि तो पुरेसा समजून मी सगळीकडे 'वर तरंगणारी मळी' असे लिहून टाकले. पुढे आठव्या-नवव्या पानावर मात्र हीच मळी कढईच्या तळातून पंजाच्या यंत्राने उपसून काढावी, अशी सूचना आली. वर तरंगणारी वस्तू तळातून कशी उपसायची, या प्रश्नाने मला त्या शब्दाचा नीट माग काढायला भाग पाडले. त्या शोधात जी पद्धत हाती लागली ती येथे मांडत आहे. उदाहरण एकाच शब्दाचे असले, तरी इंग्रजीतील कोणत्याही जुन्या, कामकऱ्यांच्या तोंडच्या शब्दाला ती लागू पडते.

आधी वस्तू पाहावी, मग कोश

व्युत्पत्ती शोधणारे बहुतेक जण थेट कोशाकडे धाव घेतात, आणि मीही तेच केले होते. परंतु ज्या शब्दामागे डोळ्यांनी दिसणारी वस्तू आहे, त्या शब्दाचा अर्थ वस्तू समजल्याशिवाय पक्का होत नाही, कारण कोशकार दोन ओळींत जे सांगतो ते एका प्रकाराचे वर्णन असते आणि धंद्यात त्या वस्तूचे चार प्रकार असू शकतात.

ड्रॉस म्हणजे धातू वितळवताना त्यापासून वेगळा होणारा घन, खरबरीत, राखेसारखा किंवा लगद्यासारखा मळ. कथील, शिसे, जस्त, अ‍ॅल्युमिनियम अशा तुलनेने कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूंच्या बाबतीत हा शब्द अधिक वापरला जातो. वितळलेल्या धातूचा हवेशी संबंध आला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो, त्या थरात शुद्ध धातूचे थेंबही अडकतात, आणि सगळे मिळून जी साय तयार होते ती झाऱ्याने बाजूला ओढावी लागते. ज्यांनी कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. काहिलीत उसाचा रस उकळू लागला आणि त्यात भेंडीचा चिकट रस घातला, की काळपट फेस वर येतो आणि गुळव्या तो सतत काढून टाकत राहतो. त्या फेसालाही आपण मळीच म्हणतो.

जस्ताची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझी चूक नेमकी तेथेच झाली होती. जस्त सुमारे ४१९ अंश सेल्सियसला वितळते, आणि मुलामा देण्याची कढई साधारण ४५० अंशांवर ठेवलेली असते. तीत बुडवलेल्या नळांमधून आणि कढईच्या पोलादी भिंतींतून थोडे लोखंड सतत जस्तात उतरते. ते जस्ताशी संयोग पावून कठीण स्फटिक बनवते, आणि हे स्फटिक वितळलेल्या जस्तापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतात. या तळाच्या गाळालाच कारखान्यात ड्रॉस म्हणतात, तर वर जमणाऱ्या जस्ताच्या ऑक्साइडला तेथे राख असे वेगळे नाव आहे. जस्तात अ‍ॅल्युमिनियम पुरेसे मिसळले असेल, तर लोखंड जस्ताऐवजी अ‍ॅल्युमिनियमशी जोडले जाते आणि तो हलका पदार्थ वर तरंगतो. म्हणून त्या धंद्यात तळाचा ड्रॉस आणि वरचा ड्रॉस असे दोन शब्द आहेत. कोशातील 'पृष्ठभागावर' हा एक शब्द गृहीत धरल्याने माझी आठ पाने चुकली होती.

आणखी काही उपयोग येथेच नोंदवून ठेवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या धंद्यात पांढरा ड्रॉस आणि काळा ड्रॉस असा भेद करतात. भंगार वितळवताना क्षार वापरले की निघणारा मळ काळा असतो, आणि पांढऱ्यात धातूचे प्रमाण पुष्कळ असल्याने तो पुन्हा गाळला जातो. प्लाझ्मा किंवा लेझरने पत्रा कापताना कापाच्या खालच्या कडेला जो वितळून थिजलेला धातू चिकटतो, त्यालाही ड्रॉस म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तर कोळशाच्या बारीक चुऱ्यालाही हेच नाव आहे, आणि त्यात धातूचा काही संबंध नाही. हा शेवटचा उपयोग लक्षात ठेवावा, कारण शब्दाचे मूळ शोधताना तो कामी येतो.

कोश कोणत्या क्रमाने उघडावेत

वस्तू समजल्यावर कोशांकडे वळावे, पण सगळे कोश एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, हे ध्यानात असावे. आजचा अर्थ हवा असेल तर कोणताही चांगला विद्यार्थी-कोश पुरतो. शब्द कधी, कोठे, कोणत्या अर्थाने वापरला गेला हे पाहायचे असेल तर ऐतिहासिक तत्त्वावर रचलेला कोश लागतो, आणि इंग्रजीसाठी ते काम ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने केले आहे. या कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आली, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि मूळ काम १९२८ मध्ये पुरे झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्तीही १८५७ चीच, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो.

ऑक्सफर्ड कोशातील नोंद वाचताना व्याख्येपेक्षा तिच्याखालील अवतरणे अधिक लक्षपूर्वक वाचावीत, कारण व्याख्या हे संपादकाचे मत असते आणि अवतरण हा पुरावा असतो. अवतरणाच्या सालाबाबत एक सावधगिरी बाळगावी. पहिल्या अवतरणाचे साल ही शब्दाची जन्मतारीख नव्हे. तो त्या साली कोणीतरी लिहिला आणि ते लिखाण टिकले, एवढेच त्यावरून कळते. भट्टीवर काम करणारी माणसे पुस्तके लिहीत नव्हती, त्यामुळे त्यांचे शब्द कागदावर यायला कधी शेकडो वर्षेही लागतात.

ऑक्सफर्डच्या मागे जायचे असेल तर मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश आणि त्याहून जुन्या, म्हणजे साधारण ११०० पूर्वीच्या, प्राचीन इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश पाहावा. ऑक्सफर्डसाठी वर्गणी भरावी लागते, पण हे दोन्ही महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

हा क्रम पाळला असता 'ड्रॉस'ची वंशावळ अशी दिसते. शब्द प्राचीन इंग्रजीत आहे, म्हणजे तो फ्रेंच किंवा लॅटिनमधून उसना आलेला नसून इंग्रजीच्या जर्मानिक घरातलाच आहे. त्याचे जुने रूप 'द्रोस' असे असून त्यातील 'ओ' दीर्घ होता. प्राचीन इंग्रजीतील असा दीर्घ 'ओ' पुढे सामान्यतः 'ऊ' होतो. 'मोना'चा 'मून' झाला, 'गोस'चा 'गूस' म्हणजे हंसाचा चुलतभाऊ झाला, 'फोदा'चा 'फूड' झाला. त्या नियमाने आज आपण 'ड्रूस' म्हणायला हवे होते. परंतु मधल्या काळात या शब्दातला स्वर ऱ्हस्व झाला, आणि लेखनात शेवटी लागलेले दोन 'एस' त्या ऱ्हस्वत्वाचीच खूण आहेत. 'ब्लॉसम' या शब्दातही मूळ दीर्घ 'ओ' असाच आखडला आहे.

येथे कोशांमध्ये एक मतभेद दिसतो. काही कोश प्राचीन इंग्रजीतल्या 'द्रोस'चा अर्थ 'गाळ, साका' असा देतात, तर काही थेट 'धातूचा मळ' असा देतात. अशा वेळी ज्या कोशाचा पुठ्ठा जाड त्याचे मत खरे, असे मानू नये. भावंडांकडे चौकशी करावी.

भावंडांची साक्ष

मराठीतील एखाद्या शब्दाचा मूळ अर्थ संशयास्पद असेल तर आपण गुजराती, हिंदी, कोकणी भावंडांत तो काय अर्थाने नांदतो ते पाहतो. कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या मराठी व्युत्पत्तिकोशात पानोपानी अशी तुलना आहे. इंग्रजीची जवळची भावंडे म्हणजे डच आणि जर्मन. डचमध्ये 'ड्रूसेम' म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या तळाशी बसणारा साका. प्राचीन उच्च जर्मनमध्ये 'त्रुओसाना' हा शब्द असून त्याचा अर्थही गाळ, साका असाच आहे. धातूचा पत्ता यांपैकी कोणाकडेही नाही.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो की सामाईक घरातला अर्थ 'द्रवाच्या तळाशी उरणारी घाण' हा होता, आणि धातूकडे तो इंग्रजीच्या अंगणात वळला. स्कॉटलंडमधील कोळशाचा चुराही याच बाजूने साक्ष देतो, कारण तेथे शब्द पुन्हा नुसत्या 'उरलेल्या निकृष्ट भागा'च्या अर्थाने उभा आहे. आणि जस्ताच्या कढईत तळाशी बसणाऱ्या गाळाला जेव्हा ड्रॉस म्हणतात, तेव्हा शब्द नकळत आपल्या मूळ घरी परततो. कोशाने ज्याला नियम म्हटले ते तरंगणेच खरे तर नंतरचे आहे.

याच्याही मागे जाऊन अभ्यासक संस्कृत आणि इंग्रजी या दोहोंची पूर्वज मानलेल्या इंडो-युरोपीय भाषेतील 'गढूळ करणे' या अर्थाचा एक धातू, म्हणजे येथे क्रियापदाचे मूळ, सुचवतात. अशा रूपांपुढे कोशात तारकाचिन्ह असते. ते रूप कोठे लिहिलेले सापडलेले नाही, तर तुलनेने उभे केलेले आहे, अशी ती खूण असते. तारकाचिन्ह असलेल्या रूपावर आपल्या युक्तिवादाचे सगळे ओझे टाकू नये.

सारखेपणाच्या मोहात पडू नये

आपल्याकडे व्युत्पत्तीचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे दोन शब्द सारखे ऐकू आले की त्यांची सोयरीक लावून देणे. 'ड्रॉस' ऐकताच संस्कृत जाणणाऱ्याला 'द्रव' आठवतो, धातू वितळून द्रव होतो हे त्याला ठाऊकच असते, आणि पुढच्या क्षणी एक लेख तयार होतो. हा संबंध चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे नियमाने दाखवता येते.

संस्कृतातील 'द' जेथे असतो तेथे इंग्रजीच्या सख्ख्या शब्दात 'ट' येतो. 'दश' आणि 'टेन', 'द्वि' आणि 'टू', 'दन्त' आणि 'टूथ', 'द्रु' म्हणजे लाकूड आणि 'ट्री' या जोड्या पाहाव्यात. याउलट इंग्रजीतल्या 'ड'समोर संस्कृतात 'ध' सापडतो, जसे 'विडो' आणि 'विधवा', 'मीड' हे मधाचे मद्य आणि 'मधु', 'रेड' आणि 'रुधिर'. एकोणिसाव्या शतकात याकोब ग्रिम यांनी मांडलेल्या ध्वनिपरिवर्तनाच्या नियमाचाच हा भाग आहे. तेव्हा 'द्रव'चा इंग्रजी भाऊ असला तर तो 'ट्र'ने सुरू व्हायला हवा, आणि 'ड्रॉस'चा संस्कृत भाऊ असला तर तो 'ध्र'ने. दोन्ही आघाड्यांवर ही सोयरीक मोडते. हाच नियम जर्मनकडे वळवला तर 'द्रोस' आणि 'त्रुओसाना' यांतला फरकही उलगडतो. इंग्रजीतल्या 'ड'च्या जागी उच्च जर्मनमध्ये 'त' येणे हे नियमितच आहे, जसे 'डे' आणि 'ताग', 'ड्रिंक' आणि 'त्रिंकेन'. थोडक्यात, खऱ्या नात्यात शब्द वेगळे दिसतात पण तो वेगळेपणा नियमाने येतो, आणि खोट्या नात्यात ते सारखे दिसतात पण त्या सारखेपणाला आधार नसतो.

इंग्रज लोकही या मोहापासून सुटलेले नाहीत, याचा नमुना याच धंद्यात आहे. निखारा विझून उरलेल्या खड्याला 'सिंडर' म्हणतात. प्राचीन इंग्रजीत हा शब्द 'स'ने लिहिला जाई आणि त्याचा अर्थ लोखंडाचा मळ असा होता. जर्मन 'सिंटर' हे त्याचेच भावंड, आणि धातूची भुकटी तापवून घट्ट करण्याच्या क्रियेला आज कारखान्यांत जे 'सिंटरिंग' म्हणतात ते त्याच घरचे. पुढे फ्रेंचमधला राखेसाठीचा 'सांद्र' हा शब्द इंग्रजांच्या कानावर आला, दोन्ही एकच असावेत असा समज झाला, आणि 'एस' जाऊन तेथे 'सी' बसला. फ्रेंच शब्द लॅटिन 'किनिस' म्हणजे राख यावरून आलेला असून त्याचा इंग्रजी शब्दाशी रक्ताचा संबंध नाही. आजचे स्पेलिंग म्हणजे एका गैरसमजाची कायमची नोंद आहे.

आपल्याकडचा याचा जोडीदार म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे मुर्दाडशिंग. हे शिशाचे ऑक्साइड असून शिशातून चांदी वेगळी करताना ते मळासारखे बाजूला निघते. नाव फारसीतल्या 'मुर्दासंग'वरून आले आहे, आणि त्यातला 'संग' म्हणजे दगड. मराठी कानाने त्या दगडाचे शिंग केले, आणि रसशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांत तर त्याचे 'मृद्दारशृंग' असे भारदस्त रूप झाले. नुसत्या संस्कृत रूपावरून व्युत्पत्ती करणारा माणूस येथे शिंगाच्या शोधात निघेल.

शेजारचे शब्द वेगळे करावेत

शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांच्या कुंपणांनीही ठरतो. म्हणून ज्या शब्दाचा माग काढायचा त्याच्याबरोबर त्याच अर्थपरिसरातील चार-पाच शब्द तपासून, प्रत्येकाने आपली हद्द कोठे आखली आहे ते पाहावे.

'ड्रॉस'चा सर्वांत मोठा शेजारी 'स्लॅग', आणि मराठीत या दोघांची सर्रास गल्लत होते. खनिजापासून धातू गाळताना त्यातील माती, वाळू आणि टाकलेला चुनखडीसारखा पदार्थ एकत्र वितळून जो काचेसारखा रस बनतो, तो स्लॅग. लोखंड गाळण्याच्या झोतभट्टीत तो वितळलेल्या लोखंडावर तरंगतो, भोकातून वाहून काढला जातो, आणि थंड झाल्यावर दगडासारखा होतो. मराठी तांत्रिक लेखनात त्याला 'धातुमळी' म्हणतात. स्लॅग हा प्रायः खनिजातल्या परक्या पदार्थाचा असतो आणि मुद्दाम घडवून आणला जातो, तर ड्रॉस हा बव्हंशी त्या धातूचाच हवेने किंवा मिश्रणाने बिघडलेला भाग असतो आणि तो कोणालाच नको असतो. स्लॅग हजारो वर्षे टिकतो, म्हणून पुरातत्त्वाला तो प्रिय आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तेव्हा तिच्याबरोबर असा मळही मिळाला होता.

'स्लॅग' हा शब्द इंग्रजीत उशिरा, सोळाव्या शतकाच्या मध्यास दिसू लागतो आणि तो मध्य निम्न जर्मनमधून आला आहे. त्याचे नाते 'मारणे, ठोकणे' या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूशी लावतात, कारण तापलेल्या लोखंडावर घण बसला की जे उडते ते स्लॅग. त्या काळात खाणकामात जर्मन माणसे सगळ्यांच्या पुढे होती. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत इंग्लंडच्या उत्तरेकडील केझिक येथे तांब्याच्या खाणींसाठी जर्मन खाणकामगार आणले गेले, आणि १५६८ साली त्या उद्योगासाठी सनदी कंपनी उभी राहिली. क्वार्ट्झ, कोबाल्ट, निकेल, झिंक हे शब्दही इंग्रजीला जर्मनकडूनच मिळाले आहेत. धंदा ज्याच्या हाती, शब्दही त्याचे, हे आपण फारसी आणि पोर्तुगीज शब्दांच्या बाबतीत अनुभवलेलेच आहे.

'स्कोरिया' हा तिसरा शेजारी. तो ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला असून त्याच्या मुळाशी असलेल्या 'स्कोर' या ग्रीक शब्दाचा अर्थ विष्ठा असा आहे. भूशास्त्रात आज तो ज्वालामुखीतून निघालेल्या सच्छिद्र दगडासाठी वापरतात. धातूच्या मळाला शरीराच्या मळाचे नाव देण्याची ही खोड एकट्या ग्रीकांची नव्हे. अमरकोशात लोखंडाच्या मळाला मंडूर आणि सिंहाण अशी दोन नावे दिली आहेत, आणि यांपैकी सिंहाण या शब्दाचा दुसरा अर्थ शेंबूड असा आहे. आपला 'मळ' तर दोन्हीकडे राजरोस चालतो. 'ड्रॉस' मात्र या रांगेत बसत नाही, तो द्रवाच्या साक्यावरून आला आहे. म्हणून 'सगळ्या भाषांत असेच घडते' असे वाक्य लिहिण्याचा मोह मी आवरतो.

'क्लिंकर'विषयी एकच ओळ पुरे: तो डच असून 'खणखण वाजणे' या क्रियेवरून आला आहे, कारण मूळ क्लिंकर ही ठोकल्यावर वाजणारी पक्की वीट होती. चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांत जो क्लिंकर म्हणतात तो हाच शब्द. 'ड्रेग्ज' म्हणजे पेल्याच्या तळाचा गाळ हा शब्द अर्थाने ड्रॉसला अगदी लागून असला, तरी इंग्रजीत तो उत्तरेकडील नॉर्स लोकांबरोबर वेगळ्या वाटेने आला आहे.

लाक्षणिक अर्थ कोठे वळला ते पाहावे

जुन्या शब्दाचा लाक्षणिक अर्थ बहुधा एखाद्या गाजलेल्या मजकुरामुळे रुजतो. 'ड्रॉस'च्या बाबतीत ते काम बायबलच्या इंग्रजी भाषांतराने केले. यशयाच्या पहिल्या अध्यायातील बाविसाव्या वचनात संदेष्टा नगरीला सांगतो की तुझी चांदी मळ होऊन गेली आहे आणि तुझ्या द्राक्षारसात पाणी मिसळले आहे. मूळ हिब्रूत येथे 'सीग' हा शब्द असून त्याचे नाते 'मागे सरणे, दूर होणे' या क्रियेशी लावतात. लॅटिन भाषांतरात 'स्कोरिया' आला, आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरात 'ड्रॉस'. चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हे वचन ऐकणाऱ्या इंग्रजाने कधी भट्टी पाहिली नसली, तरी शुद्ध चांदीच्या विरुद्ध बाजूला ड्रॉस असतो हे त्याच्या मनात ठसले. त्याच सुमारास, १६०९ मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या एकशे सेहेचाळिसाव्या सुनीतात देहासाठी घालवलेल्या क्षुद्र घटकांना हाच शब्द लावलेला आहे. तेथून 'पैसा म्हणजे निव्वळ माती' या अर्थापर्यंत आणि आज इंग्लंडमध्ये एखाद्या भिकार चित्रपटाला ड्रॉस म्हणण्यापर्यंत वाट सरळ आहे.

लाक्षणिक वाटेने आलेला शब्द मराठीत आणताना आपल्याकडे एक तयार शब्द आहे, आणि तो फार थोड्यांना सुचतो. सोन्यात मिसळलेल्या हलक्या धातूला सोनार 'हीण' म्हणतात. सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहणे म्हणजे कस लावणे, आणि ज्याचा कस कमी भरतो ते हिणकस. हा शब्द सोनाराच्या दुकानातून निघून कवितेच्या परीक्षणापर्यंत पोचला आहे, म्हणजे 'ड्रॉस'ने जो प्रवास केला तसाच प्रवास त्यानेही केला आहे. काटेकोरपणे पाहता हीण धातूच्या आत असते आणि ड्रॉस बाहेर पडलेला असतो, पण लाक्षणिक लेखनात हा फरक आड येत नाही.

मराठी प्रतिशब्द निवडताना

एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द शोधून तो सगळीकडे चालवण्याचा आग्रह सोडून द्यावा. मळाच्या बाबतीत मराठी अतिशय चोखंदळ आहे. तळाशी बसतो तो साका, पिळून उरतो तो चोथा, तूप कढवल्यावर उरते ती बेरी, उकळत्या रसावर येते ती मळी, आणि भांड्याला घट्ट बसते ते कीटण. लोखंडाच्या मळाला 'कीट' हा शब्द जुना आहे, तो संस्कृत 'किट्ट'वरून आला आहे, आणि वैद्य 'लोहकिट्ट' आजही म्हणतात. या शब्दांमधून निवड करताना पदार्थ कोठे जमतो, घन आहे की पातळ, आणि टाकाऊ आहे की पुन्हा कामाला येणारा आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न क्षुल्लक नाही. ड्रॉसमध्ये अडकलेला धातू इतका असतो की त्याची खरेदी-विक्री चालते, आणि सोनारांच्या दुकानातली राख-माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे होतेच. तेव्हा 'कचरा' हा प्रतिशब्द कारखान्याच्या मजकुरात वापरू नये. 'गंज' तर मुळीच वापरू नये, कारण गंज थंड लोखंडावर ओलाव्याने चढतो आणि त्याचा भट्टीशी संबंध नाही. माझ्या पाहण्यात ही चूक अनेकदा आली आहे.

मोल्सवर्थचा कोश येथे उलट्या दिशेने उपयोगी पडतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो, आणि त्याच्या इंग्रजी स्पष्टीकरणांमध्ये 'ड्रॉस' किंवा 'स्कोरिया' शोधला की ज्या मराठी शब्दांच्या अर्थात ते आले आहेत ते शब्द समोर येतात. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा आहे, तोही सोबत ठेवावा. मात्र त्या काळी जस्ताच्या कढया आपल्याकडे नव्हत्या, त्यामुळे या कोशांतून शब्द उचलल्यावर तो आजच्या वस्तूला बसतो की नाही हे पुन्हा पाहावेच लागते.

त्या पुस्तिकेपुरता निर्णय करताना 'वरचा ड्रॉस' या जोडशब्दाला 'वरमळ' सुचला आणि आवडलाही. मग त्याच चालीवर तळाच्या ड्रॉसला 'तळमळ' म्हणावे असे ठरवून मी एक पान लिहूनही काढले, आणि दुसऱ्या दिवशी 'आठवड्यातून एकदा तळमळ उपसून काढावी' हे वाक्य वाचून स्वतःच हसलो. शेवटी कारखान्याच्या पर्यवेक्षकाला फोन केला. पोरे काय म्हणतात, असे विचारल्यावर तो म्हणाला, "ड्रॉसच म्हणतात, दुसरे काय म्हणणार?" तेव्हा पुस्तिकेत 'ड्रॉस' हाच शब्द ठेवला, आणि पहिल्यांदा तो आला तेथे 'जस्त आणि लोखंड यांच्या संयोगातून बनून कढईच्या तळाशी बसणारा घट्ट गाळ' असे एका ओळीत लिहिले.